सावकाश टिकटिक

टिक... टिक... टिक... दोन आवाजांच्या मधे माणूस एक श्वास घेईल एवढी जागा होती.

ज्ञानेश्वरी बांधावर उभी होती. वनरक्षकाचा खाकी शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. गळ्यात रिसीव्हर, हातात अँटेना, अँटेनाचं तोंड समोरच्या उसाकडे. चार एकरांतला तीन एकर ऊस तुटून आडवा झाला होता. नदीच्या बाजूला राहिलेला एक तुकडा तेवढा उभा होता, आणि बिबट्या त्या तुकड्यात होता.

"काय म्हनतंय यंत्र?" भिमाजीने विचारलं. पाथर्डीकडून पुणतांब्याला ऊसतोडीला आलेला, पन्नाशीचा माणूस. बाकीचे तोडकरी कोयते हातात घेऊन त्याच्यामागे दाटीवाटीने उभे होते.

"झोपलाय."

"तुमाला कसं कळतं, म्याडम?"

"मागच्या महिन्यात आम्ही त्याला पकडून गळ्यात पट्टा घातला. पट्ट्यात एक स्विच आहे, ज्वारीच्या दाण्याएवढा. आत केसासारखी बारीक पाती. तो हलला की पाती थरथरते, आवाज भरभर येतो. निजला की असा, सावकाश."

सकाळीही तिने हेच सांगितलं होतं. अलीकडून तोडा, भरभर वाजायला लागलं की मी शिट्टी मारते. शिट्टी मारायची वेळ आली नाही. आता ऊस फारच थोडा उरला म्हणून तिने तोड थांबवून सगळ्यांना बांधावर बोलावलं होतं. दिवस मावळला की तो आपला आपण निघून जाईल.

भिमाजी मागे वळून एकेकाच्या तोंडाकडे बघत होता. त्याने पुन्हा एकदा पाहिलं.

"माजी कडू कुठं हाय?"

"ती वाढं गोळा कराया गेली न्हवं का, उसाचे शेंडे, बैलांला," मागून एक बाई म्हणाली. "पल्याडच्या अंगाला. नदीकडं. सकाळी म्याडमनी सांगितलं तवा ती न्हवती."

पल्याड म्हणजे उभ्या उसाच्या त्या बाजूला. आणि मधे तो तुकडा.

भिमाजीने हाक मारायला तोंड उघडलं. ज्ञानेश्वरीने त्याचा दंड धरला.

"ओरडू नका. इकडून गलका झाला की तो तिकडून बाहेर पडेल."

"मंग फोन लावतो."

"फोन तिच्यापाशीच वाजेल ना, भाऊ."

भिमाजीच्या हातात मोबाईल तसाच राहिला. स्क्रीनवर बायकोचा नंबर, वर अधांतरी अंगठा.

"ऐका," ज्ञानेश्वरी म्हणाली आणि तिने आवाज वाढवला. "झोपलाय तो. ती येईल आपली आपण."

टिक... टिक... सगळे ऐकत राहिले. कुणीतरी खोकला उपरण्यात दाबला. मधेच दोन आवाज जरा जवळ आल्यासारखे वाटले, पण पुन्हा तेवढंच अंतर, तेवढीच जागा. हात खांद्यापर्यंत बधीर झाला होता. तिने अँटेना खाली घेतली नाही. सावकाश म्हणजे विश्रांती, असं प्रशिक्षणात सांगितलं होतं. ते ती मनातल्या मनात पुन्हा पुन्हा म्हणत होती.

भिमाजीने मोबाईल खिशात टाकला आणि कोयता घट्ट धरला.

"मी जातो वळसा घालून."

"थांबा. पावलांचा आवाज होईल."

"तुमचं मानूस न्हाई तिथं," तो म्हणाला आणि बांधावरून खाली उतरला.

दहाबारा पावलं गेला असेल. उसाच्या कोपऱ्यावरून वाढ्याचा हिरवा भारा पुढे आला आणि भाऱ्याखाली कडूबाई. एक हात भाऱ्याला, दुसऱ्याने पदराने तोंड पुसत, नेहमीच्या चालीने. भिमाजी जागीच थांबला. ती त्याच्याजवळून पुढे बांधापाशी आली.

"काय झालं? सगळी अशी का उभी?"

सगळे तिच्या मागे, उसाकडे बघत होते.

"तिकडं उसात कुनाचं तरी कुत्रं बसलंय," ती म्हणाली. "लई थोरलं. निसतं तोंड दिसतंय, अन् गळ्यात पट्टा. मी भारा बांधीस्तवर माझ्याकडंच बघत हुतं. हाड म्हनलं, खडा मारला, तरी हाललं न्हाई."

भिमाजी तिच्यामागोमाग बांधापाशी आला.

"अगं, बिबट्या त्यो. ह्यो त्याच्या पट्ट्याचाच आवाज, सावकाश म्हंजी त्यो निजलाय," मागची बाई कुजबुजली.

कडूबाईने मागे वळून बघितलं नाही. डोक्यावरचा भारा तिने अगदी हळू, आवाज न करता खाली ठेवला. मग बांधावर चढून ज्ञानेश्वरीच्या शेजारी येऊन उभी राहिली. बांगड्या किणकिणू नयेत म्हणून तिने एका हाताने दुसरं मनगट घट्ट धरलं.

"बाई, मी तिथं हुते तवाबी ह्ये असंच वाजत हुतं?"

"हो."

"असंच? सावकाश?"

"हो. मला वाटलं, झोपलाय."

टिक... टिक... कडूबाईने यंत्राकडे मान वळवली.

"बंद करा ते," ती म्हणाली. "त्याच्यापायी दुसरं काईच ऐकू येईना."

ज्ञानेश्वरीने बटण दाबलं.

आधी काहीच नव्हतं. मग नदीकडून पाणकोंबडीचा आवाज आला. मग उभ्या उसात, अलीकडच्या कडेला, वाळलं पाचट एकदा वाजलं. वारा पडलेला होता.

कुणीही पाठ फिरवली नाही. उसाकडे तोंड ठेवून सगळे एकेक पाऊल मागे सरकू लागले.