उलटी फेरी

कोल्दोनं नकाशा टेबलावर पसरला, चार कोपऱ्यांवर चार पेले ठेवले आणि खिशातून लाल लोकरीचा दोरा काढून पाण्याच्या वाटीत बुडवला. ओला दोरा कागदावरच्या वळणांना बरोब्बर चिकटतो. गावच्या सायकल मंडळाची वर्षाची मोठी फेरी तो बावीस वर्षं अशीच आखत आला होता.

मंडळाच्या त्याच खोलीत शेगडीशी इमानोल उभा होता. पातेल्यात काळा राजमा रटरटत होता आणि तो उगाचच डावानं ढवळत होता. वर्षभरात कोल्दोनं मंडळाची पायरी चढली नव्हती. आज आला, "काय रे, जेवायला काय केलंय?" म्हणाला, आणि सगळ्यांना इतकं हायसं वाटलं की विचारू नका. इमानोल मात्र तो दारात दिसल्यापासून त्याच्याकडे पाठ करूनच उभा होता.

अर्कात्सचा डोंगर या वर्षी वगळायचा, हे सगळ्यांनी आपापसांत कधीच ठरवून टाकलं होतं. त्याच डोंगराच्या उतारावर, झऱ्याच्या वळणाला, गेल्या फेरीत कोल्दोचा एनेको गेला. चोवीस वर्षांचा पोरगा. रस्त्यावर झिरपलेलं पाणी, त्यावर शेवाळ, आणि भरधाव सुटलेली सायकल. ते वळण बापाच्या डोळ्यांसमोर पुन्हा कशाला आणायचं?

पण कोल्दोचा दोरा पुलावरून निघाला, तीन डोंगर चढला-उतरला आणि थेट अर्कात्सच्या पायथ्याशी येऊन थांबला.

"अरे, तो राहू दे की," गोर्का पोस्टमन म्हणाला. "बाकीचे तीन चढ काय कमी आहेत? तेवढ्यातच माणसं मर..." त्यानं जीभ चावली. "दमतात."

"अर्कात्स राहणार," कोल्दो म्हणाला. "फक्त या वेळी फेरी उलटी. झऱ्याच्या बाजूनं चढायचं, चर्चच्या बाजूनं उतरायचं."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. चर्चच्या बाजूचा चढ लांब, पण सोसवणारा. झऱ्याच्या बाजूला रस्ता कसला, भिंतच. तिथं भले भले खाली उतरतात. आणि सायकल ढकलत नेणाऱ्याची या मंडळात पुढं वर्षभर टर उडते.

"तीन डोंगर झाल्यावर ती भिंत?" गोर्का म्हणाला. "आपले निम्मे म्हातारे तिथंच राहतील. गोगलगाय पुढं जाईल आपल्या!"

"जाऊ दे. त्या वेगात कोणी पडलं तर गुडघा खरचटतो. बस."

इमानोलचा डाव हातातच थांबला.

गेल्या वर्षी याच टेबलाशी एनेको हेच मागत होता. "इमानोलकाका, एकदा तरी उलटी करू या ना! भिंत न चढता कसली फेरी?" आणि इमानोलनं, गुडघा दुखतोय हे न सांगता, हाच डाव उगारून गर्जना केली होती, "त्या बाजूनं चढायचं, तर आधी माझं मढं उचला!" काय हशा पिकला होता! एनेको तर टेबल बडवत होता. कोल्दोनंही हसत हसत दोरा नेहमीच्या दिशेनं लावला. पाचव्या दिवशी मढं उचललं, ते एनेकोचं.

चारचौघांत हसं होऊ नये, एवढ्यासाठी बोललेलं ते वाक्य. त्यामागचं खरं कारण इमानोलनं वर्षभर कोणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही. दफनाच्या दिवशी तो कोल्दोच्या गळ्यात पडून लहान मुलासारखा रडला, तेव्हाही मनात एकच धास्ती होती. याला आठवत असेल का?

"आणि इमानोलच्या गुडघ्याचं काय?" गोर्कानं विचारलं. "हल्ली लंगडतोय तो. त्याला नाही जमायचं."

कोल्दोनं मान वर केली. "त्यालाच विचार."

म्हणजे आठवत होतं. इमानोलनं शेगडी बंद केली.

"कोल्दो, गेल्या वर्षी मी जे बोललो..."

"तू बोलतोसच रे. जन्मभर बोलत आलायस," कोल्दो म्हणाला. "दोरा मी लावला होता."

मग त्यानं दोऱ्याचं टोक उचललं. ते झऱ्याच्या वळणाशी दोनदा निसटलं.

"इकडं ये. वळणापाशी सुटतोय माझ्याकडून. धर जरा."

इमानोलनं हात पुसले आणि टेबलाशी येऊन झऱ्याच्या वळणावर अंगठा दाबून धरला. कोल्दोनं दोरा त्याच्या अंगठ्याखालून हळूहळू वर, चर्चपर्यंत नेला आणि तिथून खाली गावात आणून सोडला.

"चढशील?" त्यानं विचारलं.

"ढकलत नेईन," इमानोल म्हणाला.

कोणी हसलं नाही.