दोघातलं एक

"आयदर लहानू ऑर कमला," साहेब म्हणला अन् पेनाचं टोपण काढून बसला. "एकच नाव पाहिजे."

धानोऱ्याच्या पल्याडच्या त्या गावात सारी ग्रामसभा मोहाच्या झाडाखाली बसून होती. मागं सडकेवर साहेबाचे ट्रक उभे. जंगल गावाचं, बांबू बी गावाचाच. कापून, छाटून ढीग लावलेला. साहेब दूरचा, त्याचा अगरबत्तीचा कारखाना. सौदा पटला, भाव ठरला. करारावर गावाकडून नाव कोणाचं, तेवढंच राह्यलं होतं. अन् बांबू काई कोणासाठी थांबत नाई बावा. पडून राह्यला का घुण लागते. मंग घाला चुलीत.

आता त्या गावाची एक रीत हाय. सभेत एका घरचा एकटा माणूस चालत नाई. बाई अन् बुवा, दोघं आले तरच सभा बसते. कोणी एकटा आला का बाकीचे म्हणतात, "जाय, बंडीचं दुसरं चाक घेऊन ये." बांबूचं काम बी सभेनं असंच नवरा-बायकोले मिळून देलं होतं. लहानू जंगलात कापणी पाहे. कमला माल पाहे अन् भाव करे.

साहेबाले हे कसं समजन? त्याची इंग्रजी, गावाची झाडीबोली. मधात नीलिमा. नीलिमा म्हणजे गावची सून, कॉलेज शिकलेली. खरेदीवाल्यासंग बोलता यावं म्हणून उन्हाळाभर तिनं याच झाडाखाली साऱ्याइले इंग्रजी शिकवली. आयदर-ऑर म्हणजे दोघातलं एक. नायदर-नॉर म्हणजे दोघातलं एकबी नाई. बोथ म्हणजे दोन्ही.

कमलाची बंडी तिथंच फसे.

"चहा ऑर सरबत, काकू?"

"बोथ."

"बैल ऑर ट्रॅक्टर?"

"बोथ!"

सारे हासत. लहानू म्हणे, "पोट पाहून माग वं!" नीलिमा कपाळावर हात मारे. "काकू, इंग्रजीत कवा तरी एक निवडा लागते." कमला म्हणे, "निवडाले काय, तांदूळ हायेत?"

तर साहेब पेन घेऊन बसला होता.

"लहानूचंच टाका," डोमा बोलला. डोमा सभेचा कारभारी. "ट्रक उभे हायेत. एका नावानं काय बिघडते?"

दोन-चार मुंड्या हालल्या. लहानूची बी हालली, जराशीच. पर कमलानं पाह्यली.

सकाळपासून साहेबासंग तीच भांडली होती. मोडकीतोडकी इंग्रजी, हातवारे, मधातच एखादी शिवी बी. साहेब आठदा उठला, आठदा बसला, तवा कुठी भाव वर चढला. अन् नावाची पाळी आली तं साऱ्याइचं तोंड लहानूकडं.

साहेबानं पेन लहानूपुढं धरला. लहानूनं घेतला.

कमला उठून उभी राह्यली. लुगड्याची माती झटकली.

"नायदर लहानू," ती म्हणली, "नॉर कमला."

नीलिमाचं तोंड उघडंच राह्यलं. उन्हाळाभर ज्या बाईच्या तोंडून बोथबिगर काई निघालं नाई, ती बाई पाठ फिरवून चालाले लागली. तिच्या मागं म्हातारी रुखमाबाई उठली. मंग करिश्मा उठली, रंजीता उठली. सारा बायाचा थवा उठला. अन् बाया उठल्या तं बुवे बसून काय करतीन? सभाच मोडली.

लहानूनं हातातल्या पेनाकडं पाह्यलं. खजील झाला. पेन साहेबाच्या खिशात खोसला अन् म्हणला, "घ्या साहेब. ती गेली म्हणजे मी इथी पाहुणाच. जसे तुमी, तसा मी."

"व्हॉट हॅपन्ड?" साहेब उठून उभाच झाला.

"सभा मोडली, सर," नीलिमा म्हणली. तिनं रीत सांगितली. बंडी सांगितली, दोन चाकं सांगितले. "आता तुमचे ट्रक रिकामे जातीन."

साहेबानं ट्रककडं पाह्यलं. बांबूच्या ढिगाकडं पाह्यलं. असा सरळ, लांब पेराचा माल त्याले दुसरीकडं कुठी भेटणार होता?

"बोथ!" तो वरडला. "कमलाबाई! बोथ, बोथ!"

कमला वळली. घाई नाई केली. बाया आल्या, बुवे आले, जो तो आपल्या जागी. साहेबानं दोन नावं लिहिली, पहिलं कमलाचं. लहानूनं अशा टाळ्या पिटल्या का मोहावरचे पाखरं उडाले.

"घ्या, आता सही," साहेब म्हणला अन् आपला पेन कागदावर टेकवला.

रुखमाबाईनं त्याचं मनगट धरलं.

"थांब बाबू. तू एकटाच आला काय?"

नीलिमानं हासू दाबत इंग्रजीत सांगितलं.

"तुह्या घरची बाई कुठी हाय?" रुखमाबाईनं विचारलं.

साहेब हासला. बाकी कोणीच हासलं नाई. मंग त्याचंबी हासू गेलं.

"कारखान्यात अर्धा वाटा तिचाच हाय," तो हळूच बोलला. नीलिमा सांगत गेली. "पर सौद्याले तिले आजपर्यंत कोणी बलावलं नाई. मी बी नाई."

त्यानं फोन काढला. मोहाभोवतीच्या चबुतऱ्यावर चढला तवा कुठी टॉवर भेटला. घंटी वाजली. तिकडून बाईचा आवाज आला. साहेब काईतरी बोलला. कोण बलावते, तिनं विचारलं अन् साहेबानं फोन कमलाच्या हाती देला.

"वेलकम, मॅडम," कमला म्हणली. फोन स्पीकरवर करून चबुतऱ्यावरच, साऱ्याइच्या मधात ठेवला. अन् साऱ्याइकडं वळली.

"बसा रे सारे. आता सभा सुरू करू."