कुत्र्यांची सुट्टी

ब्रिस्बेनची टॅम्सिन सहकुटुंब सुट्टीला निघाली, की तिची दोन कुत्री सांभाळायला म्हातारी नोलीन तिच्या घरी राहायला यायची. यंदा ख्रिसमसच्या तोंडावर टॅम्सिनचा फोन आला.

"अगं नोलीन, समुद्रावर असं कॉटेज मिळालंय, की तिथे कुत्रीसुद्धा चालतात! दोघांनाही घेऊन चाललोय. सुटलीस बाई एकदाची!"

"अगं वा! छानच झालं की."

"दर वर्षी आमच्या घरात तुला अडकवून ठेवतो, माझ्याच जिवाला लागतं. यंदा तरी ख्रिसमस स्वतःच्या घरी कर, निवांत."

"हो ना," नोलीन हसून म्हणाली.

फोन ठेवून तिनं कुत्र्यांसाठी आणलेली हाडं बाजूला सारली, मागच्या सीटवर उशी टाकली आणि पाय पोटाशी घेऊन गाडीचं दार आतून लावून घेतलं.