सरळ केलेली पट्टी

किशनरावांनी शेवटचा आधार कापला आणि पट्टी दोन्ही टोकांनी वर उचलली गेली. आवाज झाला नाही. मापं तपासणाऱ्या मालविकाने मोजलं. एका टोकाला दीड मिलिमीटर, दुसऱ्याला थोडं कमी. माणसाच्या जबड्यासाठी दीड मिलिमीटर फार होतं.

जबडा सिंधुताईंचा होता. हिमायतनगरजवळच्या खेड्यात त्यांची शेती होती. गाठीमुळे खालच्या जबड्याचा एक भाग काढायचा होता आणि त्या जागी ही टायटॅनियमची पट्टी बसायची होती. सोमवारी नांदेडला ऑपरेशन. बाईंनी डॉक्टरांना एकच गोष्ट विचारली होती, ज्वारीची भाकरी चावता येईल का. डॉक्टरांनी ते फोनवर आलोकला विचारलं, आणि आलोकने येईल म्हणून सांगून टाकलं होतं.

आलोकचं वर्कशॉप लातूरच्या एमआयडीसीत होतं. हुशार असूनही डॉक्टर न झालेला मुलगा, अशी त्याची नातेवाइकांत ओळख होती. त्याच्या मशीनमध्ये धातूची भुकटी लेझरने वितळवून थरावर थर चढवला जाई. प्रत्येक थर गार होताना आकसायला बघतो, खालचा थर त्याला आकसू देत नाही. ती ओढाताण धातूच्या आत अडकून राहते. वस्तू खालच्या जाड प्लेटला चिकटलेली असते तोवर काही दिसत नाही. म्हणून कापण्याआधी सगळं प्लेटसकट भट्टीत तापवायचं, मग हळूहळू गार होऊ द्यायचं. ताण निघून जातो. पण भट्टीची कॉइल गुरुवारी जळाली होती आणि नवी सोमवारी पुण्याहून यायची होती. किशनराव थांबू म्हणाले होते. एवढ्याशा पट्टीला काय होतंय, असं म्हणून आलोकने कापायला लावलं होतं.

आता त्याने किशनरावांकडे पाहिलं. वाकडं सरळ करावं ते किशनरावांनीच, असं एमआयडीसीत सगळेच म्हणत. बासष्ट वर्षांचा माणूस, हात अजून कापत नव्हता. त्यांनी टेबलावरच्या व्हाइसच्या शिकंज्यात तांब्याचे तुकडे लावले, पट्टी धरली आणि तासभर थोडं थोडं दाबत राहिले. मालविकाने पुन्हा मोजलं. सगळीकडे मर्यादेच्या आत. तिने रिपोर्टवर सही केली. आलोकने डॉक्टरांना पट्टी निघतेय म्हणून कळवलं आणि स्वतः खोकं शोधायला गेला.

किशनरावांनी मालविकाला विचारलं, पास हाय का. ती म्हणाली, पास आहे, काका.

तेव्हा त्यांनी पट्टी परत व्हाइसमध्ये आवळली, पकडीने एकदा इकडे वाकवली, एकदा तिकडे. तिसऱ्या वेळी ती तुटली. दोन्ही तुकडे त्यांनी रिपोर्टवर ठेवले.

आलोक खोकं घेऊन आला आणि त्याने तुकडे पाहिले. मग म्हणाला की बाई ॲडमिट झाल्यात, भूल देणारे डॉक्टर ठरलेत, पट्टी मापात बसत होती.

"तारीख फुडं जाईल, साहेब," किशनराव म्हणाले. "ही तोंडात जाऊन तुटली म्हंजे मग काय करनार?"

आलोकने त्यांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. ते दुसऱ्या दिवशी आले. सोमवारी कॉइल आली, ती त्यांनीच बसवली. त्यांच्याशिवाय ती कुणाला बसवता येत नव्हती, त्यामुळे आलोकने त्यांना येऊ दिलं. नवी पट्टी मशीनमध्ये बनवली, प्लेटसकट भट्टीत ठेवली, गार होऊ दिली. बुधवारी कापली तेव्हा ती जागची हलली नाही. शुक्रवारी ऑपरेशन झालं आणि नीट झालं.

शनिवारी चहा पिताना मालविकाने विचारलं, मोडायचीच होती तर तासभर सरळ का केलीत.

किशनराव म्हणाले, सरळ करता येती का न्हाई ते बघत व्हतो. मग ते सांगू लागले. भूकंपानंतर पडक्या इमारतींच्या सळ्या लातूरला भंगारात येत. पिळवटलेल्या असत. रोज गावाहून येऊन ते त्या ठोकून सरळ करत. तेव्हा क्लासेस वाढत चालले होते, बाहेरगावच्या पोरांसाठी होस्टेलं उठत होती, माल पुरत नव्हता. त्यांच्या सळ्या दोरी लावून पाहिल्या तरी नव्यासारख्या दिसत. अशा एका होस्टेलची गॅलरी दहा वर्षांनी एका मंगळवारी दुपारी खाली आली. पाऊस नव्हता, धक्का नव्हता. बारावीची एक मुलगी कपडे वाळत घालत होती. सळ्या नेमक्या सरळ केलेल्या जागी तुटल्या होत्या.

आलोक जवळच उभा होता. आठवडाभरात पहिल्यांदाच त्याने त्यांना काही विचारलं. तिथे जुन्या सळ्या घातल्यात हे त्या मुलीच्या घरच्यांना माहीत नव्हतं का.

"म्हाईत व्हतं, साहेब," किशनराव म्हणाले. "मीच आमच्या पोरीला, आरतीला म्हणलो, दुसरीकडं कशाला जातीस, हितंच ऱ्हा. सळ्या आपल्या हातच्या हायत."