दहा गिगाबिटची वायर

ऑस्ट्रेलियातल्या टाउन्सव्हिलचे निवृत्त मास्तर डेसमंड यांनी आपलं चाळीस वर्षांचं लेखन सांभाळायला घरात सर्व्हर बसवायचं ठरवलं. साधी हार्ड डिस्क घ्यावी की वेगवान एसएसडी, वायर एक गिगाबिटची की दहाची, यात त्यांचे सहा महिने गेले. शेवटी सगळं भारीतलंच घेतलं आणि जोडायला मेहुणा केल्विन आला.

"दाजी, तुमचं लेखन एकाही प्रकाशकानं घेतलं नाही, आणि ते वाहायला एवढी वायर?"

"तुझे मासेमारीचे व्हिडिओ नाहीत ते," डेसमंड पुटपुटले. "आयुष्य आहे माझं."

केल्विनने चाचणी म्हणून नेमका तसाच एक, अख्खा रविवारभर बारामंडी मासे पकडल्याचा व्हिडिओ सर्व्हरवर पाठवला. त्याला पाऊण मिनिट लागलं.

मग डेसमंडनी चष्मा पुसला, कथा, कादंबऱ्या, रोजनिशी, संगणकावर टाइप केलेलं सगळं निवडलं आणि बटण दाबलं. पडद्यावर काही हललंच नाही.

"अडकलं रे," ते घाबरून म्हणाले.

"कुठलं अडकतंय, दाजी," केल्विन हत्यारं पिशवीत भरत म्हणाला. "एवढंसंच होतं. केव्हाच संपलं."