टाकी किती माणसांची?

"टाकी की इन्स्टंट गीझर? लवकर सांग लेका, माझ्या पायाला मुंग्या आल्यात."

मॉसी प्लंबर जिन्यावरच्या कपाटात अर्धा शिरून बसला होता. पाणी तापवायची तांब्याची जुनी टाकी तळाला फुटली होती आणि वरच्या फळ्यांवर उबेला ठेवलेले टॉवेल जमिनीवर पाणी पीत पडले होते.

फिनबार उत्तर देणार होता. आठवडाभर तो तेच करत होता. उत्तर देणार होता.

टाकी म्हणजे बटण. बटण म्हणजे फिनबार. ज्याला अंघोळ करायची त्याने आधी फिनबारला सांगायचं, मग फिनबार बटण लावणार, पाणी तापलं की हाक मारणार, आणि लगेच बटण बंद. सबंध यॉल गावात आपल्याइतकं कमी विजेचं बिल कुणाचं येत नाही, असं तो पबमध्ये सांगायचा. कुणी विचारलेलं नसताना.

इन्स्टंटला टाकी नाही. वाट पाहणं नाही. नळ सोडला की गरम पाणी, बंद करेपर्यंत गरम. कुणीही सोडावा. मग घरात फिनबारचं काम काय?

पण खरी अडचण ती नव्हतीच. खरी अडचण डिंफ्ना.

त्याची बायको हिवाळ्यापासून रोज सकाळी समुद्रावर पोहायला जाऊ लागली होती. आता अर्धं गाव जातं, पोहून झाल्यावर गुंडाळायचे लांब झगे घेऊन, त्यात नवल नाही. पण हीच डिंफ्ना ऐन उन्हाळ्यात, जुलैतही पायांत लोकरी मोजे घालून झोपते. आणि बाकीच्या बायका समुद्रावरून निळ्या होऊन येत. दात वाजवत. डिंफ्ना गुलाबी होऊन यायची. गुणगुणत. केसांना घरात नसलेल्या साबणाचा वास.

पुरुष.

उंच असावा. अशा बाबतीत ते उंचच असतात. एके सकाळी फिनबार तिच्या मागावर निघालाही होता. धक्क्यापर्यंत गेला, तिथे धीर सुटला, आणि कुणाला शंका येऊ नये म्हणून दोन बांगडे घेऊन परत आला.

तेव्हा प्रश्न असा होता, की टाकी घेतली तर केवढी? दोघांची की एकट्याची? ती निघून जाणार या कल्पनेने त्याला घर आताच रिकामं वाटू लागलं, आणि त्याच दमात एकट्याची टाकी किती झटकन तापेल हेही मनात येऊन गेलं. आपण हे असले आहोत, हे फिनबारला तेव्हा अगदी लख्ख दिसलं. त्याने मान फिरवली. दुसरीकडेही तोच होता.

खाली दार वाजलं. डिंफ्ना वर आली. गुलाबी.

"बाईसाहेब," मॉसी कपाटातून म्हणाला, "लग्न करताना तरी एवढा विचार केला होता का हो याने?"

"त्याने केला होता. मीच नव्हता केला."

फिनबार हसला नाही. तो फुटक्या टाकीकडे बघत म्हणाला, "डिंफ्ना, टाकी किती माणसांची घेऊ?"

"म्हणजे?"

"म्हणजे तू इथे राहणार आहेस का. सकाळी कुणाकडे जातेस, ते मी विचारत नाही."

"विचारतोयस की."

मॉसीच्या हातातला पाना थांबला.

डिंफ्ना पायरीवर बसली आणि तिने केसांचा टॉवेल सोडला. "पोहणाऱ्यांच्या क्लबात जाते. गुडघाभर पाण्यात उतरते, कारण त्याशिवाय न्हाणीघरात जाता येत नाही. तिथे गरम पाण्याचा फवारा आहे. त्याच्याखाली उभी राहते. वाटेल तेवढा वेळ. दाराबाहेर कुणी खाकरत नाही."

"आणि समुद्र?"

"समुद्राचा मला तिटकारा आहे."

फिनबारला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलंही, थोडंसं. पण उंच माणूस असता तर त्याच्यावर निदान चिडता आलं असतं. त्याला शिव्या देता आल्या असत्या, त्याच्यापुढे स्वतःची कीव करता आली असती. इथे आपल्याला हरवलं कुणी, तर न्हाणीघरातल्या एका फवाऱ्याने. आणि तिला त्या फवाऱ्याकडे धाडलं कुणी, हेही आता विचारायची सोय उरली नव्हती.

"हे बघा," मॉसी कपाटातून हळूच म्हणाला, "दुकान दुपारी बंद होतं. मग मी काय आणू?"

फिनबारने तोंड उघडलं. इतक्या वर्षांच्या सवयीने त्यातून आधी "टाकीच बरी, नाही का" असं काहीतरी निघू लागलं.

डिंफ्ना उठली, ओला झगा खुंटीला अडकवला आणि मॉसीला म्हणाली, "टाकी आणणार असलास, तर एकट्याची आण."