सिरीयस आहे, या

चाकणहून धनेशच्या मित्राचा, प्रज्वलचा फोन आला. "वहिनी, घाबरू नका. कंपनीत अपघात झालाय. धनेश जरा सिरीयस आहे, तुम्ही या."

आमच्याकडे माणूस गेला तरी लांबच्यांना एवढंच कळवतात. बाबांच्या वेळी मीही 'सिरीयस' ऐकूनच निघाले होते. तळेगावला पोचले, तर दारात तिरडी बांधत होते.

लेकीला कडेवर घेऊन रहाटणीहून रिक्षा केली.

"ताई, आतल्या रस्त्यानं घेऊ का? लवकर पोचाल," रिक्षावाले म्हणाले.

"आता कशाला घाई?"

आयसीयूबाहेर प्रज्वल मान खाली घालून उभा होता. डॉक्टर बाहेर आले. "पेशंट फार सिरीयस आहे. काही सांगता येत नाही."

माझे हात आपोआप जोडले गेले.



"म्हणजे अजून आहे ना तो, डॉक्टर?"